स्कोप नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सांगणारही नव्हते. पण परवा परंड्याहून एसटीनं परत येताना स्वतःचा इतका वैताग आला, की म्हटलं, एकदा लिहून तरी टाकू. आणि मराठीत लिहू. माझी शाळा सगळी इंग्रजीतून झाली. मला अजूनही एकोणसाठ की एकोणसत्तर, हे थांबून आठवावं लागतं. इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं — म्हणूनच नको. इंग्रजीत मी फार चांगली दिसते. तिथं माझ्याकडं प्रत्येक गोष्टीसाठी एक गुळगुळीत वाक्य तयार असतं, आणि त्यावरून माझी चूक घसरून कुठंतरी निघून जाते.

तर, एका शब्दापासून सुरुवात करावी लागेल. स्कोप.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न हाच — कशाला स्कोप आहे? माझे मामा, आमच्या जिल्ह्यातल्या वाशीचे, या विषयातले जाणकार. कुठल्या कोर्सला स्कोप राहिला नाही, कुठल्याला अजून थोडी वर्षं आहेत, हे ते चहा फुंकत फुंकत सांगतात, पाऊसपाण्याचा अंदाज सांगावा तसं. मी व्हिडिओ गेम बनवायचं शिकतेय असं आईनं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. “गेम? त्याला काय स्कोप हाय का?” मी गप्प. मी बहुतेक वेळा गप्पच असते. पाहुणे म्हणतात, शिवलीला शांत आहे, समंजस आहे. मी ते ऐकून घेते आणि आणखी गप्प बसते. गप्प बसून माणूस काय काय करू शकतो याची त्यांना कल्पना नाही. मला आहे.

पण मी फिरून फिरून दुसरीकडंच चाललेय. तस्लीमबद्दल सांगते.

धाराशिवला बसस्टँडजवळ एक जिना चढून वर कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट होती. तिथं अ‍ॅनिमेशनच्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. परंड्याची. इथं खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहायची. मराठीतून बी. ए. झालेली, आणि चित्रं अशी काढायची की वर्गातले सर बोलणं थांबवून तिच्या पडद्याकडं बघत राहायचे. पहिल्या आठवड्यात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. शेवटी तिनंच डबा माझ्यापुढं सरकवला आणि विचारलं, “क्या गे, तोंडात मीठ धरून बसलीस का?” मग मला बोलावंच लागलं. ती मराठी बोलता बोलता दख्खनीत शिरायची आणि परत यायची, घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी. मला तर एकाही भाषेत असं पाय पसरून बसता आलेलं नाही.

आपण दोघींनी मिळून एक गेम बनवायची, हे केव्हा ठरलं ते आठवत नाही. पण बनवायच्या आधी तयारी करायची, हे मात्र मी ठरवलं. या धंद्यात त्याला प्री-प्रॉडक्शन म्हणतात. खेळाडू कोण, तो काय करणार, हरणार कसा, जिंकणार कसा, दिसणार कसं, ऐकू काय येणार — हे सगळं आधी कागदावर आणि खेळून-बघून पक्कं करायचं. मग कॉम्प्युटरवर खरं काम. चांगली पद्धत आहे ती. माझ्यासारख्या माणसाला तर फारच चांगली. तयारी चालू असते तोवर कुणी तुमची गेम खेळून तोंड वाकडं करू शकत नाही.

तस्लीमची कल्पना इतकी साधी होती, की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही नव्हतंच.

तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत सगळी माळवदाची घरं होती. वर मातीचं सपाट छप्पर, एकाचं दुसऱ्याला लागून. दूध लावायला विरजण संपलं, की गल्लीच्या टोकाच्या फुफीकडून, म्हणजे आत्याकडून, ते वाटीत आणायचं काम तस्लीमचं. खाली गल्लीच्या तोंडाशी रिकामटेकडी पोरं बसलेली असायची, म्हणून ती वरून जायची. माळवदावरून माळवदावर. पण माळवद कच्चं. पाय जोरात पडला की खालच्या घरात माती गळायची, कुणाच्या भाकरीच्या पिठात, कुणाच्या डाळीत. शिवाय उजेडासाठी प्रत्येक माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं, सवणं. त्यातून खालचं सगळं वर ऐकू यायचं आणि वरचं खाली. मग तस्लीमनं युक्ती काढली. खाली मिरची कुटतायत तोवर चालायचं. कुटणं थांबलं की जिथल्या तिथं थांबायचं. पाळणा करकरतोय तोवर चालायचं. पाळणा थांबला की श्वाससुद्धा नाही. एका घरातला म्हातारा खोकायचा — त्याच्या एका उबळीत त्याचं अख्खं माळवद पार करायचं. आणि हातातली वाटी सांडू द्यायची नाही.

एवढीच गेम. एक मुलगी, एक गल्ली, एक वाटी.

आणि माझी? माझ्याकडं एक राज्य होतं. इंग्रजीत. भलीमोठी फाइल. त्यात ऋतू होते, घराणी होती, नाणी होती, त्या नाण्यांवरच्या छापांचा इतिहास होता. नद्यांना नावं होती. त्या नावांचा त्या राज्यातल्या जुन्या भाषेतला अर्थसुद्धा होता. खेळाडूनं नेमकं काय करायचं, ते तेवढं नव्हतं. ते पुढं येणार होतं. तस्लीमच्या माळवदांना मी माझ्या राज्यात एका लहान गावाची जागा दिली होती — मोठ्या मनानं. ती माझ्या फाइलची पानं खालीवर करायची आणि म्हणायची, “बाप रे, केवढं केलंयस तू.” तेवढं इंग्रजी वाचता यायचं नाही तिला. मला ते आवडायचं. हे लिहायला नको वाटतंय, पण आवडायचं.

मग परंड्याची ती दुपार. थंडीचे दिवस होते. तिनं मला घरी बोलावलं होतं — गेम कागदावर खेळण्यापेक्षा गच्चीवरच मांडून बघू म्हणून. त्यांचं घर तोवर स्लॅबचं झालेलं. तिनं खडूनं माळवदं आखली, प्रत्येकात एक-एक बांगडी ठेवली, ती सवणी. कडेनं घरची माणसं बसवली. अम्मी खलबत्ता घेऊन. लहान बहीण एका गंजक्या खिडकीचं दार धरून, तो पाळणा. फुफी खोकणार. आणि माझ्या हातात काठोकाठ ताकाची वाटी.

मी लाजत लाजत सुरुवात केली. बायकांसमोर वाटी धरून टुणटुण चालायचं — मला मरण आल्यासारखं झालं होतं. खलबत्ता वाजत होता तशी मी एक-एक पाऊल टाकत होते, आणि अम्मीनं मुद्दाम मध्येच बत्ता वर धरला. माझा पाय आधीच उचललेला. टेकला. “आहिस्ता गे शिवलीला, दाल में माटी गिराई ना तू! अब तूच खा वो दाल,” त्या म्हणाल्या. फुफीला खोटं खोकता खोकता खरंच ठसका लागला. आणि मी हसले. मी, मोठ्यानं. मग परत पहिल्यापासून सुरू केलं. मग अजून एकदा. शेजारच्या दोघीजणी गच्चीवर चढून आल्या, त्यांनाही खेळायचं होतं. बहिणीनं मोबाइलवर सगळं टिपलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही खेळत होतो, आणि माझी बाही ताकानं आंबट झाली होती.

तेव्हा मला कळलं होतं, हे इथं लिहून ठेवते. गेम तयार आहे, आता फक्त बनवायची राहिलीय, हे मला त्या गच्चीवर स्वच्छ कळलं होतं. मला कळायला वेळ लागला, मी अजाण होते — असं काही नाही.

खाली उतरताना मी काय म्हणाले? “छान आहे. पण जरा छोटी वाटते, नाही?”

ती म्हणाली, “हौ. छोटीच हाय.” आणि तिला त्यात काही वाईट वाटलं नाही. तोवर तिला छोटं म्हणजे फक्त छोटंच वाटत होतं.

यानंतर सरांनी आम्हाला बंगळूरच्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या गेम बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या कामावर होत्या, आणि नवशिक्यांनी केलेली तयारी बघून सल्ला द्यायच्या. आम्ही माझी फाइल पाठवली. सोबत गच्चीवरचा व्हिडिओही. ठरलेल्या दिवशी दुपारी आमच्या घरी, माझ्या लॅपटॉपवर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही मूळचे उमरग्याकडचे, घरात कन्नड चालतं, बाबा दारातून म्हणाले, “बंगळूरची आहे ना? मग कन्नडात बोल की.” पण बाई केरळच्या निघाल्या. बोलणं इंग्रजीतच होणार होतं, म्हणजे मीच बोलणार होते. तस्लीम शेजारी बसली, अर्धी पडद्यात, अर्धी बाहेर. ओढणी नीट केली. हात मांडीवर.

त्याआधी दोन दिवस तिच्या अब्बांनी तिला सांगितलं होतं — हे वर्ष तुझं. पुढं काही दिसलं तर शिक, कुठं जायचं तिथं जा, मी आडवा येणार नाही. नाही दिसलं तर परंड्याला परत यायचं. हे मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, खालाच्या दारात उभं राहून, चप्पल पायात घालता घालता. 

बाईंनी आधी माझी फाइल घेतली. म्हणाल्या, खूप मेहनत केलीय. बस्स. त्या पुढं काही बोलतील म्हणून मी वही-पेन घेऊन वाट बघत राहिले. त्यांनी व्हिडिओ लावला. अम्मीच्या वाक्याला त्यांना भाषा न कळताही हसू आलं. त्यांनी तो परत लावला. परत हसल्या. मग म्हणाल्या — मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगते — यात स्कोप किती कमी आहे. ‘सो लिटल स्कोप.’ हीच याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. यात काहीही घालू नका. ही एकच गल्ली करा. सोमवारपासून कामाला लागा. आणि ते राज्य? ते सध्या ठेवून द्या बाजूला.

आता हे समजावून सांगते, कारण सगळं इथंच आहे. या धंद्यात स्कोप म्हणजे कामाचा पसारा. तुम्ही किती अंगावर घेतलंय, ते. नवी माणसं पसाऱ्यानंच मरतात. म्हणून ज्या कल्पनेचा स्कोप लहान, ती सोन्यासारखी. बाई तस्लीमच्या गेमचं कौतुक करत होत्या. त्या पूर्ण बोलण्यात त्यांनी फक्त तिचंच कौतुक केलं.

पण तस्लीम परंड्याची होती आणि मी धाराशिवची, आणि आमच्याकडं स्कोप म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे.

कॉल संपला. मी लॅपटॉप मिटला. तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, पण ते धरून ठेवलेलं होतं. म्हणाली, “लिटल स्कोप म्हणली ना ती? तेवढं कळलं मला. म्हंजे स्कोप न्हाय माझ्या गेमला.”

मी म्हणाले, “हं.”

एवढंच. मी खोटं बोलले का? शब्दाला शब्द लावून बघा — बाईंनी तेच म्हटलं होतं. लिटल म्हणजे कमी. भाषांतरात एक काना-मात्रा चुकलेली नाही. मग तिनं विचारलं, “आणि तुझ्या राज्याला काय म्हणली?” मी म्हणाले, “मेहनत केलीय म्हणाली.” तेही खरं. “बघ, मी म्हणत नव्हते का,” ती म्हणाली, आणि तिला खरोखर माझ्यासाठी बरं वाटलं होतं. ते मला दिसत होतं. मी बघते सगळं. मी बघण्यात कधी कमी पडत नाही.

आईनं आतून पोह्यांच्या बश्या आणल्या. आम्ही पोहे खाल्ले.

कितीदा सुधारता आलं असतं? बशी हातात होती तेव्हा. तिला खालाकडं सोडायला गेले तेव्हा. रिक्षात. दुसऱ्या दिवशी वर्गात. एकच वाक्य होतं ते — अगं, तो स्कोप वेगळा. मराठीतच होतं, आणि माझ्यासारख्या मराठीवालीलाही जमेल असं. पण ते वाक्य बोलले असते तर पुढचंही बोलावं लागलं असतं, की गेम तुझीच होणार, माझं राज्य बाजूला जाणार. आणि मी कोण मग? जी फोनवर इंग्रजी बोलते ती? दिवस जात गेले तसं ते वाक्य जड होत गेलं. आधी बोललं असतं तर गैरसमज दूर झाला असता. नंतर बोललं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तेव्हा का नाही बोललीस?

आणि तस्लीम हार मानणाऱ्यांतली नव्हती. तीच तर पंचाईत झाली. स्कोप नाही म्हटल्यावर दुसरी कुणी रडली असती, गेम सोडून मोकळी झाली असती. ही म्हणाली, “मग आणूया ना स्कोप. त्यात काय.” आणि कामाला लागली.

आधी किल्ला आला. परंड्याची गेम आणि किल्ला नाही म्हणजे काय, असं सगळेच म्हणाले. किल्ल्यात तोफ आली, तोफेमागं पहारेकरी, त्यांच्या वेळा, त्यांच्या मशाली. गल्लीतल्या बायकांची घरं हळूहळू मागं सरकली. खोकणारा म्हातारा गेला. त्याच्या जागी एक वजीर आला. एक दिवस मी तिचं नवीन चित्र बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मुलीच्या हातात वाटी नाहीय. विरजणाऐवजी आता ती कुठलातरी गुप्त खलिता नेत होती. “विरजणाला कोण विचारतंय गे,” तस्लीम म्हणाली. “आता आला का थोडा स्कोप?”

मी म्हणायचे, बघू. मी म्हणायचे, अजून थोडं. तुम्हाला वाटेल, मी हे दुःखानं म्हणत असेन. नाही. मी वैतागून म्हणायचे. मला तिचाच राग यायला लागला होता. कशाला ऐकतेस माझं? तुला दिसत नाही का, तू चांगली गोष्ट नासवतेयस? तुला गच्चीवरचं हसणं आठवत नाही? हे सगळं मी तिच्यावर मनातल्या मनात ओरडायचे, आणि तोंडानं सांगायचे की पहारेकऱ्यांच्या कपड्यांवर जरा अजून काम कर. ती मान डोलवायची. पुढच्या वेळी कपड्यांवर काम केलेलं असायचं.

आमच्या त्या तयारीची आठवण काढली तरी डोकं फिरतं. कित्येक दुपारी आम्ही गेमचं नाव काय ठेवायचं यावर घालवल्या. नाव ठरलं की अक्षरं कशी असावीत. अक्षरं ठरली की नाव बदलायचं. वजीर चांगला की वाईट, यावर एक अख्खा उन्हाळा गेला असेल. इन्स्टिट्यूटचे सर जिन्यात भेटले की विचारायचे, “झाली का सुरू?” मी म्हणायचे, तयारी चालू आहे, सर. मामाही विचारायचे. आईही. प्रत्येकाला तेच उत्तर. लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणतात ना, तसं. एक ओळ कोड लिहिलेली नव्हती.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. एक ‘हं’ — भित्रेपणा म्हणून खपला असता. पण मी सुरुवातीपासून ज्याभोवती फिरतेय ते हे नाही. ते पुढं आहे.

बाईंचा एकदा फोन आला. मला. नंबर माझाच दिलेला होता. त्यांना ती गच्ची आठवत होती. म्हणाल्या, गल्ली झाली का सुरू? अगदी कशीही असू दे, एक घर चालत असेल तरी दाखवा. आमच्याकडं नवीन मुलांना सोबत घेऊन शिकवणार आहोत. ती गल्ली चालताना दिसली तर तुम्हा दोघींना बंगळूरला बोलावून घेते. राहायची सोय आम्ही करू.

मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होते. दुपारची वेळ, घरात कुणी नव्हतं. तस्लीमच्या अब्बांनी दिलेलं वर्ष संपत आलं होतं. तेही मला त्या क्षणी आठवत होतं, विसरले नव्हते. आणि मी म्हणाले — स्वच्छ, नम्र, छान इंग्रजीत — की माझ्या मैत्रिणीला आता त्या माळवदाच्या गेममध्ये रस राहिलेला नाही. तिला मोठं काहीतरी करायचंय. किल्ला वगैरे. मी समजावलं तिला.

बाई म्हणाल्या, अरेरे. होतं असं बऱ्याच जणांचं.

मी म्हणाले, हो ना.

इथंही बघा — खोटा शब्द शोधून सापडणार नाही. फक्त एक सोडून. ‘समजावलं.’

फोन ठेवल्यावर मला रडू वगैरे आलं नाही. मी गॅसवरचं दूध बघितलं, उतू गेलं नव्हतं. हायसं वाटलं — दुधामुळं नव्हे. वाटलं, चला, आता सोमवारपासून काही सुरू करावं लागणार नाही. तस्लीमला या फोनबद्दल कधीच कळलं नाही.

वर्ष संपलं तशी ती परंड्याला गेली. अब्बांनी शब्द पाळला, तिनंही पाळला. भांडण नाही, काही नाही. जाताना तिनं तिची सगळी चित्रं माझ्याकडं ठेवली — “तुझ्या राज्यात कुठं बसली तर बसव.” कुठंच बसली नाहीत.

आता तिचं परंड्यात स्टँडच्या रस्त्याला दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. दुकान चांगलं चालतं. वाढदिवसाचे फ्लेक्स करून घ्यायला लांबलांबच्या गावांतून लोक येतात. मी परवा चुलत बहिणीच्या पत्रिकेसाठी गेले होते. खरं तर पत्रिका धाराशिवलाही झाली असती. का गेले, मला नीट सांगता येत नाही. सांगायचं ठरवून गेले होते असं म्हटलं तर ते मला आत्ता सोयीचं पडेल, म्हणून तसं म्हणत नाही.

तिनं चहा मागवला. पडद्यावर कुणा पुढाऱ्याचा फोटो होता. त्याच्या गळ्यातला हार ती बोलता बोलता जाड करत होती. समोर एक कॉलेजची मुलगी वही उघडून बसलेली — तिला चित्रांचं शिकायचं होतं, कुठला कोर्स करू म्हणून विचारायला आली होती. तस्लीम तिला म्हणाली, “बघ गे, हात चांगलाय तुझा. पण आधी स्कोप बघायचा. मी बघितला न्हवता.” मुलगी माझ्याकडं बघून हसली. मी चहाचा कप तोंडाला लावला.

मुलगी गेल्यावर तस्लीमनं खुर्ची माझ्याकडं वळवली. गल्लीतल्या खबरा सांगितल्या. फुफीचे गुडघे गेलेत. अम्मी माझी आठवण काढतात, ‘माटी गिरानेवाली’ म्हणून. मग हसत म्हणाली, “आणि ऐक ना — तो खडूचा खेळ. गल्लीतली पोरं अजून खेळतेत, म्हायतीय? आमच्या गच्चीवर येऊन. रोज. एक पोरगी तर खोकायला लई हुशार हाय. मी ओरडते, खडूनं गच्ची घाण करतेत म्हणून.”

मी विचारलं, “अजून?”

“हौ. पण त्याला काय स्कोप,” ती म्हणाली. मग हाराकडं वळली, आणि माझ्याकडं न बघता सावकाश बोलली. “एक सांगू? तवाच तू सरळ सांगितलंस ते बरं झालं. दुसरी कुणी असती तर गोड गोड बोलली असती, आणि मी बसले असते त्या वाटीच्या मागं आयुष्यभर. तू न्हाय बोललीस गोड. त्याचं मला लई मोल हाय.”

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. माझीच गाडी होती. मी पिशवी उचलली. पत्रिकेचा मजकूर तिच्या टेबलावर ठेवला. माझं तोंड उघडलं होतं — हे खरंय. शब्दसुद्धा जिभेवर होता. अगं, तो.

तिनं विचारलं, “तुझं राज्य कुठवर आलं गे?”

“तयारी चालू आहे.”

“कर, कर,” ती म्हणाली. “सोडू नको. त्याला स्कोप हाय.”

मी म्हणाले, “हं.”